सतरावा प्रश्न

फाटकाशी उभ्या असलेल्या पोरीनं त्याचं नाव घेतलं ते आईच्या आडनावासकट. एलिओदोरो ताबोरा उर्किया. नुसतं एलिओ म्हणाली असती तर त्यानं वळूनही पाहिलं नसतं. चामेलेकोनच्या त्या गल्लीत एलिओ म्हणून हाका मारणारी माणसं दिवसातून वीसदा यायची. त्यांतली अठरा वाटीभर साखर मागायला, आणि उरलेली दोन ती परत न करण्याची कारणं सांगायला. पण उर्किया हा शब्द त्यानं गेल्या चाळीस वर्षांत परक्या तोंडून ऐकला नव्हता. तो सहा वर्षांचा असताना आई गेली. तिचं आडनाव त्याच्या नावामागे लोंबत राहिलं ते फक्त दोन ठिकाणी, केळ्यांच्या कंपनीच्या वहीत आणि परक्या फौजेच्या तळावरच्या वहीत. त्या दोन्ही वह्या कुठं गेल्या देव जाणे. दचकून हातातला कच्च्या केळ्याचा काप उंचावरून कढईत पडला आणि तेलाचा एक थेंब उडून मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी बघतात तिथं बसला. त्यानं हात झटकला नाही. एकाहत्तर वर्षांत तो एवढं शिकला होता की कागदवालं माणूस दाराशी असताना कुठं भाजलं ते दाखवायचं नसतं.

पोरीच्या हातात कागद नव्हता, टॅब होता. अंगात निळं जाकीट, गळ्यात फोटोचं कार्ड, वय असेल पंचवीसच्या आत. आधी त्यानं तिचे बूट पाहिले. आधी बूट, मग तोंड, ही त्या वस्तीची रीतच होती. उत्तरेहून हाकलून दिलेली माणसं पांढऱ्या विमानातून उतरतात तेव्हा त्यांच्या बुटांना नाड्या नसतात, तिकडच्या कोठडीत आधी त्या काढून घेतात. त्यामुळं सान पेद्रो शहरात कुणाच्या पायाकडं बघितलं तरी तो कुठून आला ते कळतं. या पोरीच्या बुटांना नाड्या होत्या आणि त्यांना दुहेरी गाठ होती. इतकी पक्की गाठ एक तर खूप चालावं लागणारा मारतो, नाहीतर कुणीतरी मागं लागणार हे ज्याला ठाऊक असतं तो.

"माझं नाव इरासेमा. घरोघरच्या पाहणीवर आलेय, काका. वीस मिनिटं लागतील."

"कुणाची पाहणी?"

"संस्था इथलीच आहे. पैसा बाहेरचा."

"बाहेरचा म्हणजे उत्तरेचा."

"आजवर दुसऱ्या कुठल्या दिशेनं आलाय, काका?" असं म्हणून ती त्यानं न सांगताच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकली.

"माझं नाव कुणी दिलं तुला? आईकडचंसुद्धा?"

"मतदारयादीत आहे की. सगळ्यांचं तिथूनच घेतो."

उत्तर फारच झटकन आलं. खऱ्या उत्तराला जरा वेळ लागतो, त्याला आतून बाहेर यायचं असतं. खोटं आधीच ओठावर बसलेलं असतं. या विषयात एलिओदोरोचा अधिकार मोठा होता. तो सबंध वस्तीतला सर्वांत नामांकित थापाड्या. वादळाच्या वर्षी नदीनं एक गाय उचलून चर्चच्या घंटेवर नेऊन ठेवली आणि ती हंबरली की लोक प्रार्थनेला जमायचे, ही गोष्ट त्यानं इतक्या वेळा सांगितली होती की दोन-तीन म्हातारे ती आपण डोळ्यांनी पाहिल्याचं शपथेवर सांगत. पण थाप वेगळी आणि खोटं वेगळं, हे तो मानायचा. थाप पाहुण्याला वाढायची असते. खोटं म्हणजे दाराचा अडसर.

पोरगी प्रश्न वाचू लागली आणि त्यानं अडसर लावला. खोल्या किती? एक. (दोन होत्या. दुसरीच्या दाराला पडदा होता आणि पडद्यामागं लेकीची, देल्मीची तांबडी पिशवी भरून ठेवलेली होती.) पाणी किती दिवसांनी? रोज. छप्पर गळतं का? पाऊसच पडत नाही. गेल्या आठवड्यात मांस किती वेळा खाल्लं? चार वेळा, एकदा रानडुकराचं. इथं ती किंचित थांबली, पण तिनं ते टिपलं. बोट काचेवर टिचकी मारत पुढं पुढं जात होतं. त्या टिचकीचा आवाज त्याच्या मनगटावरच्या भाजल्या जागेत घुमत होता. प्रत्येक टिचकीला ती जागा ठणकत होती. खोटं बोलून झाल्यावर आपण बरोबर काय बोललो ते लक्षात ठेवावं लागतं, म्हणून तो मनात रानडुक्कर, रोज पाणी, एक खोली अशी माळ ओढत होता.

"सतरावा प्रश्न," पोरगी म्हणाली. तिनं मान वर केली. सोळापर्यंत ती एकदाही वर बघून बोलली नव्हती. "गेल्या बारा महिन्यांत या घरातल्या कुणी दुसऱ्या देशात जाऊन राहायचा विचार केला आहे का?"

"नाही."

"कुणीच नाही?"

"रोज पाणी येतं, चार वेळा मांस मिळतं, ते सोडून कोण जाईल?"

ती हसली नाही. बोट काचेच्या वर अधांतरी राहिलं. "घरात बायका आहेत का? लेक, सून, भाची? तीस-चाळीस वयाची कुणी?"

"हा प्रश्न त्यात लिहिलाय?"

"नाही," ती म्हणाली, आणि टॅब पालथा घालून मांडीवर ठेवला. "हा माझा आहे. काका, या कामावर चार महिने झाले. साडेतीनशे घरं केली. सतराव्या प्रश्नाला साडेतीनशे घरांतून एकच उत्तर. कुणी जात नाही. कुणाच्या मनातसुद्धा नाही. आणि दर रविवारी पहाटेची सरहद्दीची बस बघा, उभं राहायला जागा नसते. माझं कंत्राट उद्या शनिवारी संपतंय. परवाच्या बसनं मीच चाललेय. पण वाटाड्या एकट्या बाईला घेत नाही. जोडीनं या म्हणतो, एकीनं झोपायचं, दुसरीनं जागायचं. मला जोडीदारीण मिळत नाहीये. म्हणून विचारते घरोघर. तुमच्याकडं कुणी असेल तर..."

"नाही," एलिओदोरो म्हणाला. "माझं इथं कुणीच नाही. एकटा जीव. केळी करपतायत माझी."

तिनं टॅब उचलला, आभार मानले, फाटक नीट लावून घेतलं. करपलेल्या केळ्यांचा धूर तिच्या मागोमाग गल्लीत गेला आणि तो मात्र कढईसमोर उभा राहून चुलीशी बोलावं तसा स्वतःशी बोलू लागला. वाहवा. काय रचलंय. नेली नावाची देल्मीची जोडीदारीण, तिच्याच कारखान्यातली, आई पडली म्हणून मंगळवारी मागं फिरली. वाटाड्यानं निरोप धाडला, जोडी असेल तर या, नाहीतर येणारीनं स्वतःच्या जबाबदारीवर यावं. देल्मी म्हणाली, मी एकटी जाते. हे सगळं घडलं मंगळवारी, आणि आज शुक्रवारी दाराशी हजर कोण? जोडीदारीण शोधणारी, त्याच बसची, त्याच वाटेची. दोन अर्धुकं इतकी नेमकी कशी जुळतील? बशी फुटली तर तिचे तुकडेसुद्धा पुन्हा असे बसत नाहीत, मध्ये चिमूटभर चुरा जातोच. चुरा न पडता जुळतं ते फक्त थापेत. तो स्वतः गोष्ट रचताना अशाच जोडण्या घालायचा, इकडं गाय हरवली की तिकडं घंटा वाजायची. म्हणजे ही पोरगी कसबी होती. कुणाची असेल? उत्तरेच्या वकिलातीची, यादी करणारी? की वस्तीतल्या टोळीची, कोण चाललंय, कुणाच्या पिशवीत वाटखर्च आहे ते हुंगणारी? की वाटाड्यावरच डोळा ठेवणाऱ्या पोलिसांची? तिघांचीही असू शकेल. एकच टॅब तिघांना भाड्यानं देता येतो.

त्याच्या बापानं, कासिमिरोनं, त्याला वारसा म्हणून एकच वाक्य दिलं होतं: कागद घेऊन आलेल्याला खरं सांगायचं नाही. बाप कंपनीच्या मळ्यात घड उतरवायचा. चोपन्न सालचा मोठा संप एकोणसत्तर दिवस चालला. बापाच्या सांगण्यात तो वयाबरोबर वाढत गेला आणि मरताना शंभरावर पोचला होता. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या देशातल्या सरकारनं कंपनीच्या पडीक जमिनीला हात लावला म्हणून ते सरकार पाडायला उत्तरेची विमानं निघाली. बाप म्हणायचा, ती आमच्या डोक्यावरून गेली आणि त्यांच्या वाऱ्यानं घड आपोआप गळून पडले, म्हणून संप मोडला असं कंपनीनं लिहून घेतलं. ही थाप. पण पुढचं सांगताना बापाचा आवाज खाली यायचा आणि ते दर वेळी अक्षरशः तेच असायचं. म्हणून ते खरं असावं. संप मिटला, सप्टेंबरात पूर आला, मळे चिखलात गेले, आणि एक गोरागोमटा माणूस लोखंडी पाटीला कागद अडकवून झोपडीझोपडीतून आला. फार प्रेमानं बोलला. तुम्हांला इथं बरं वाटतं का? तक्रार आहे का? मनात असेल ते सांगा. ज्यांनी मनातलं सांगितलं त्यांची नावं महिन्याभरात हजेरीच्या फळ्यावरून गेली, आणि मग ती माणसंही गेली. कुणी किनाऱ्याच्या गावांत, कुणी बोटीवर खलाशी होऊन केळ्यांच्याच मागोमाग उत्तरेच्या बंदरात. बाप म्हणाला होता, "सगळं मजेत आहे, साहेब." तो राहिला. गल्लीतली पहिली माणसं उत्तरेला गेली ती अशी, खरं बोलून गेली. केळं जाताना त्याला कुणी विचारलं नव्हतं की बाबा रे, का चाललास.

तेल निवलं होतं. त्यानं मनगट पाण्याच्या पिंपात बुडवलं. पाणी कोमट होतं, बरं वाटलं नाही. भाजलं त्याला जीभ लावावी असं बायको म्हणायची, पण बायकोला जाऊनही अकरा वर्षं झाली होती आणि आपलंच मनगट चाटत उभं राहायची त्याला लाज वाटली, घरात कुणी नसतानाही. शुक्रवार, महिन्यातला पहिला. म्हणजे या घटकेला राजधानीत, चर्चसमोरच्या चौकात, मार्सेलिना उभी असेल. त्याची बहीण. हातात नवऱ्याचा, फाबिओचा फोटो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्या चौकात फोटो धरून उभं राहणाऱ्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या, फोटोतले नवरे मात्र तिशीतच राहिले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आया मुलांना शोधतायत. फोटो आठवला की एलिओदोरोचं मन तिथून पाय काढून घेत असे, नेहमी. गाईची गोष्ट आठवायचं, घंटेची आठवायचं. आज ते गेलं नाही. त्या पोरीनं उर्किया म्हटल्यापासून ते दार उघडंच राहिलं होतं.

त्र्याऐंशी साली तो कोमायाग्वाजवळच्या तळावर बटाटे सोलायला होता. दुसऱ्या बाजूच्या शेजारी देशात नवं सरकार आलं होतं, ते उत्तरेला आवडलं नव्हतं, म्हणून उत्तरेची फौज इथं येऊन बसली होती. तात्पुरती. फळ्यावर तसंच रंगवलेलं होतं, तात्पुरता तळ, आणि तो फळा पुढं चाळीस वर्षांत सहा वेळा नव्यानं रंगवावा लागला. बटाटेही त्यांचेच, विमानातून आलेले, सगळे एका मापाचे. त्यांच्यावर चिखलसुद्धा परदेशी होता. पगार बरा होता. एका दुपारी स्वयंपाकघरामागं एक माणूस कागद घेऊन बसला. आपलाच माणूस, आपल्याच बोलीचा, साधा सदरा, काळा चष्मा. त्यानं सिगारेट दिली. पूर्ण नाव विचारलं, आईकडचंसुद्धा. मग म्हणाला, तू हुशार दिसतोस, बटाटे काय सोलतोस, घरात कुणी शिकलेलं आहे की नाही? आणि एकतीस वर्षांच्या एलिओदोरोनं छाती फुगवली. आयुष्यभर गाई-घंटांच्या थापा मारणाऱ्या माणसाला त्या दिवशी बढाई मारायला खरंच काहीतरी सापडलं होतं. "आमचे मेहुणे मास्तर आहेत," तो म्हणाला. "साधे मास्तर नाहीत. संघटनेचे चिटणीस. त्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे. मोठी मोठी माणसं त्यांच्याकडं चर्चेला येतात, मध्यरात्रीपर्यंत." माणूस मान डोलवत लिहीत गेला. किती प्रेमानं लिहीत होता. सात आठवड्यांनी फाबिओला बस-थांब्यावरून काळ्या काचांच्या गाडीत घातलं. त्याच्या पायातला एक बूट तिथंच राहिला होता. मार्सेलिनानं तो अजून जपून ठेवलाय.

त्या उत्तरामुळंच झालं का, हे त्याला कधी कळलं नाही. त्या काळात तसे पुष्कळ गेले, ज्यांच्या मेहुण्यांनी बढाया मारल्या नव्हत्या तेही गेले. कदाचित काळ्या चष्म्याचा तो कागद कुणी वाचलाच नसेल, कदाचित त्यात बटाट्यांचा हिशेब बांधून नेला असेल. चाळीस वर्षं तो दोन्ही बाजूंनी वाद घालत आला होता आणि चाळीस वर्षांत निकाल लागला नव्हता. बहिणीला त्यानं सांगितलं नाही. बहिणीनं विचारलं नाही. पण तिच्या घरी गेलं की ती त्याला कधी बटाटे वाढत नसे. आपलाच संशय आपल्याला खातो म्हणतात ते हेच असेल, पण नसेल तर? एका आयुष्यात एकदाच कागदाला खरं सांगितलं, एवढीच त्याची कमाई. त्यानंतर दारावर कुणीही आलं, मोजणीवाले, वादळाची मदत वाटणारे, चर्चवाले, कुणालाही त्यानं घरातल्या माणसांची खरी संख्या सांगितली नाही. मागच्या वर्षी अशीच एक पाहणी आली होती. शेजारच्या चेपानं बिनदिक्कत सांगितलं, आमची सहाच्या सहा माणसं चाललीत, उद्याच. त्या सहांतल्या चार कोंबड्याच होत्या. महिन्यानं चेपाच्या घरी बारा कोंबड्या आल्या, पायांत नंबराची कडी घातलेल्या, उत्तरेच्या जनतेकडून सप्रेम, माणसांनी घरीच राहावं म्हणून. चेपानं दहा विकल्या, त्यातून पुतण्याची बस भागवली, आणि कोंबड्या मोजायला माणूस आला तेव्हा डोळ्याला रुमाल लावून म्हणाली, "काय सांगू दादा, उत्तरेला गेल्या." एलिओदोरोला त्या वर्षी कोंबडी मिळाली नाही. त्याचं घर स्थिर म्हणून नोंदलं गेलं होतं.

फाटक वाजलं. देल्मी आली. तिचं येणं त्याला खांद्यावरून कळायचं, कारण आधी उजवा खांदा आत यायचा. अठराव्या वर्षी ती शिलाईच्या कारखान्यात लागली आणि एकोणीस वर्षं तिनं फक्त डावी बाही जोडली. उजवी जोडणारी दुसरी, कॉलर तिसरीची. दिवसाला अकराशे डाव्या बाह्या. उत्तरेतल्या कुठल्याशा गावात माणसं डावा हात वर करत असतील तर त्यातले निम्मे हात आपल्या लेकीनं शिवलेत, असं तो चारचौघांत सांगायचा. मागच्या वर्षी तिकडच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या कुठल्या देशात दोन पैशांनी स्वस्त बाही मिळाली आणि कारखान्यातली यंत्रं एका रविवारी ट्रकमध्ये चढली. बाकीच्या कारखान्यांत पस्तिशीपुढच्या बाईला दारातूनच परत धाडतात. देल्मी अडतीसची. तिला सबंध शर्ट शिवता येत नव्हता. तिला डावी बाही येत होती, आणि तिची बरोबरीण ह्यूस्टनहून कळवत होती की इथं डाव्या बाहीलाही काम आहे.

"काय करपवलंत, बाबा?"

"केळी. कुठं गेली होतीस? चांभाराकडं?"

"तिकडंही गेले." तिनं बूट काढून उंबऱ्याशी ठेवले, नवा तळ ठोकलेले. मग डावा दंड चोळत उभी राहिली. "आरोग्यकेंद्रात रांग होती."

"बरं नाही का?"

"इंजेक्शन घेतलं. तीन महिन्यांचं."

त्याला कळलं नाही असं त्यानं दाखवलं. वस्तीतलं शेंबडं पोरही सांगू शकेल ते कसलं. वाटेला लागायच्या आधी प्रत्येक बाई ते घेते. वाटेवर काय होतं ते टळत नाही, त्याचं पुढं काही राहू नये म्हणून घेते. नर्स त्यावर एक शब्दही विचारत नाही. साऱ्या देशात ती एकच बाई असेल जी कागद पुढं न करता सगळं जाणते.

"नेलीचं काय?" त्यानं विचारलं.

"नेलीची आई अंथरुणाला खिळलीय. ती येत नाही. मी सांगितलं ना मंगळवारी."

"मग थांब की आठवडाभर. मिळेल कुणीतरी."

"कुठून मिळेल? कुणाला विचारू? कुणी कबूल करतं का जाणार आहे म्हणून? आख्ख्या गल्लीत विचारा, सगळे म्हणतील आम्ही इथंच मरणार." ती हसली, आणि हसताना उजवा खांदा आणखी वर गेला. "तुम्हीच शिकवलंत ना आम्हांला. झोपायचं नाही एवढंच. पाच रात्री. कारखान्यात दुहेरी पाळ्या केल्यात मी."

"पाच रात्री कुणी जागं राहत नाही, देल्मी."

"तुमच्या गोष्टीत तर एकजण तीन महिने जागा राहतो."

ती पडद्यामागं गेली. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा, मग पुन्हा उघडल्याचा. एलिओदोरो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला. खुर्ची अजून त्या पोरीच्या अंगानं ऊबदार असेल असं त्याला वाटलं, पण ती गार होती, गेली ती केव्हाच. साडेतीनशे घरं. प्रत्येक घरात सतराव्या प्रश्नाला तिनं मान वर करून बघितलं असेल, आणि प्रत्येक घरात एकेक कासिमिरो बसलेला, सगळं मजेत आहे साहेब. आणि पडद्यांमागं पिशव्या. समजा ती खरी असली तर. समजा चुरा पडायचा तो साडेतीनशे घरांत पडून गेला आणि हे तीनशे एक्कावन्नावं असलं तर. साडेतीनशे दारं ठोठावल्यावर एक अर्धुक जुळलं, तर ती थाप कुठली, तो तर नुसता पायांचा घाम. पण समजा ती त्यांची असली. मग एकदा सांगितलं आणि फाबिओ गेला, आता सांगायचं आणि देल्मी जायची. आणि नाही सांगितलं तर? मग देल्मी पाच रात्री जागणार, तिसऱ्या रात्री तिचे डोळे मिटणार, आणि डोळे मिटले की... त्यानं मनगट तोंडाशी नेलं आणि लाज न वाटता त्या फोडाला जीभ लावली. खारट लागलं. आजवर त्याला वाटत होतं, बोलल्यानं माणूस नाहीसा होतो. न बोलल्यानंही होतो, हे बापानं सांगितलं नव्हतं. बापाला लेक नव्हती कारखान्यात, वाटाड्या ठाऊक नव्हता. बापाचं वाक्य केळ्यांच्या काळातलं होतं.

तो उठला तेव्हा चपलाही उलटसुलट घातल्या गेल्या. चेपा दारात कोंबडीला तांदूळ टाकत होती. "कुठं धावतोस एलिओ, या वयात? घंटेवरून गाय पडली की काय?"

"निळ्या जाकिटाची पोरगी कुठं गेली?"

"ती होय? मी सांगितलं या वेळी आठ माणसं चाललीत म्हणून. शिवणयंत्र देतात म्हणे आता. गेली थांब्याकडं. का, तूसुद्धा सुधारलास वाटतं?"

थांबा तीन गल्ल्या पुढं होता. ऊन इतकं की रस्ता वितळल्यासारखा मऊ लागत होता आणि प्रत्येक पावलाला चपला डांबरातून उचलाव्या लागत होत्या. डोक्यावरून पांढरं विमान उतरू लागलं, खिडक्यांवर नाव नाही, निशाण नाही, शुक्रवारचं. सावली त्याच्यावरून सरकली आणि क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला. पोरगी थांब्याच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसली होती, शेजारी कागदात गुंडाळलेली बालेआदा, अर्धी खाल्लेली. मैद्याची पोळी आणि घेवडा, पाच मिनिटांत संपणारं खाणं, पण ती कुठंतरी बघत विसरून गेली होती. लांबून बघताना ती कुणाचीच वाटत नव्हती. वकिलातीची नाही, टोळीची नाही. पण काळा चष्माही तेव्हा कुणाचा वाटला नव्हता, म्हणून त्यानं वाटण्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं, आणि तरी तो तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"सतरावा," तो म्हणाला. दम लागला होता. "सतरावा प्रश्न पुन्हा विचार."

तिनं टॅब जवळ घेतला. "तुमचं घर पाठवून झालं, काका. आता बदलता येत नाही. रानडुक्करसुद्धा गेलं."

"त्यात नको लिहूस. तू विचार."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग हळू आवाजात, न वाचता, पाठ म्हटल्यासारखं विचारलं, "गेल्या बारा महिन्यांत तुमच्या घरातल्या कुणी..."

"होय. एक. माझी लेक, देल्मी. वय अडतीस. रविवारी पहाटे. जोडीदारीण फिरली. एकटी चाललीय." शब्द बाहेर पडताना त्याला घशात प्रत्येकाचा काठ लागत होता. चाळीस वर्षं न वापरलेली वाट. "झोपेची भारी आहे. पण कामाला वाघ आहे. तुला जागं ठेवील."

खाली मान घालून पोरीनं जाकिटाच्या खिशातून पेन काढलं, डावा तळहात उघडला आणि म्हणाली, "नंबर सांगा." त्यानं सांगितला. तळहाताला घाम होता, आकडे नीट उठेनात, ती पुन्हा पुन्हा गिरवत राहिली. पेनचं टोक कातडीत रुतताना दिसत होतं. हा काही पुरावा नव्हता. काळ्या चष्म्याची अक्षरंही सुरेख होती. ती लिहीत होती आणि त्याच्या मनातला म्हातारा कासिमिरो डोक्याला हात लावून बसला होता.

"आता तुझं सांग," तो म्हणाला. "पूर्ण नाव. आईकडचंसुद्धा."

"कशाला, काका?" पहिल्यांदाच तिच्या आवाजात संशय आला. तिनं तळहात मिटला. तो आवाज त्याला ओळखीचा वाटला, घरचाच. आणि कुठल्याही कार्डानं, कुठल्याही नाडीच्या गाठीनं पटली नव्हती ती गोष्ट त्याला तेव्हा थोडीशी पटली. नुसती थोडीशी. विचारणारे कधी असे दचकत नाहीत, ज्यांना विचारतात तेच दचकतात.

"चौकात उभं राहायला," तो म्हणाला. "माझी बहीण उभी राहते. तुमचं दोघींचं काही झालं तर मला कुणाचं नाव घेऊन उभं राहायचं ते माहीत हवं. एकीचं माहीत आहे."

बस आली होती. पोरगी उठली, अर्धी बालेआदा त्याच्या हातात दिली, पायरीवर एक पाय ठेवला आणि म्हणाली, "इरासेमा कारान्सा बोनिया. बोनिया आईचं."

तो परत निघाला. अर्धी बालेआदा हातात, चपला उलट्या. इरासेमा कारान्सा बोनिया. तीन गल्ल्या तो तेवढंच म्हणत आला, देवाचं नाव घ्यावं तसं नव्हे, वाण्याची यादी विसरू नये म्हणून पुटपुटावी तसं. बोनिया आईचं. चेपानं पुन्हा काहीतरी टोमणा मारला, तो ऐकायला थांबला नाही, एखादं अक्षर सांडेल म्हणून. घरात देल्मी उंबऱ्यावर बसून नव्या तळाच्या बुटांत नाड्या ओवत होती.

"कुणाच्या मागं धावलात? चेपामावशी काय काय सांगत होती."

त्याच्या जिभेवर सवयीनं सगळं जमून आलं. पोरगी सात भाषा बोलणारी, बाप जहाजाचा कप्तान, पाच काय पन्नास रात्री जागणारी, लांडग्यांना दटावून परत धाडणारी. देल्मी तोंडावर हसू आणून त्याची वाटच बघत होती, उद्या-परवा निघायचं तर शेवटची एक थाप ऐकून जावी म्हणून. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, मनगटावरचा फोड वर करून. आणि त्यानं नाव सांगितलं, जसं होतं तसं, पदरचं एक अक्षर न घालता, आईकडच्यासकट.